मेश्रामकाकांचा जून

काकूंचा फोन आला तेव्हा माझ्या ओट्यावर मोठ्या पातेल्यात डबल बी भिजत होती. दुसऱ्या दिवशी शनिवार, म्हणजे मेश्रामकाकांकडे जायचा दिवस, आणि भिजवायचं काम माझ्याकडे असे. "स्नेहल, काका गेले गं," काकू म्हणाल्या. "झोपेतच. मी चहा घेऊन उठवायला गेले, तर…" मग बराच वेळ फोनवर नुसता त्यांच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत राहिला. आणि मग एकदम, रोजच्या आवाजात, "तू काही खाल्लंस का सकाळपासून?" मी हो म्हणाले. खाल्लं नव्हतं. तो सगळा दिवस त्यांच्या घरी गेला. येणाऱ्यांना पाणी देणं, सिअॅटलहून निघालेल्या अश्विनीताईला, म्हणजे त्यांच्या मुलीला, विमानतळावरून आणणं, अशी बोलावं न लागणारी कामं मी करत राहिले. संध्याकाळी माझ्या अपार्टमेंटवर परतले तर डबल बी टम्म फुगून साल सोडायला आली होती. फेकवेना. खुर्ची ओढून बसले आणि एकेक बी दोन बोटांत धरून सोलत गेले. साल सुटताना बी अंगठ्यातून पुढे निसटते, तिला पकडायची काकांची एक लकब होती. ती आपल्या हातात कधी आली ते मला कळलंच नव्हतं. शिजवून, चाळणीतून काढून, फडक्यात पिळून त्याचा पांढराशुभ्र लगदा केला, साखर घालून आटवला, आणि डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवला. कशासाठी, ते माहीत नव्हतं.

प्रभाकर मेश्राम हे माझ्या बाबांचे हॉस्टेलवरचे मित्र. मूळचे नागपूरचे, नोकरीमुळे जपानला जाऊन आलेले आणि नंतर ॲरिझोनात, इथे चँडलरला, चिप बनवणाऱ्या एका कंपनीत प्रोसेस इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. मला इथे नोकरी लागली तेव्हा बाबा म्हणाले, "चँडलरला आपला मेश्राम आहे, जाऊन ये." मी कित्येक महिने गेले नाही. अनोळखी घरी जाऊन सोफ्यावर बसायचं, पोहे खायचे, "काय करतेस, पगार बरा आहे ना, लग्नाचं काय" याला उत्तरं द्यायची, याची मला धास्ती होती. लहानपणापासून मी शाळेत इंग्रजीत गप्प बसायचे आणि घरी मराठीत. शेवटी बाबांनीच त्यांना फोन केला आणि एका शनिवारी काकूंनी जेवायला बोलावलं. जेवणानंतर काकांनी टेबलावर छोट्या बशीत एक फूल आणून ठेवलं. पिवळं, लिंबाएवढं, पाकळ्यांच्या कडा इतक्या बारीक की मला वाटलं मेणाचं आहे. "याचं नाव 'गाडीच्या टपावर'," काका गंभीरपणे म्हणाले. मी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "खा गं, गोड आहे. माणूस जरा वेडा आहे, पण मिठाई चांगली करतो."

एप्रिल होता तो. एप्रिलमध्ये आमच्या भागात पालो वेर्दे फुलतो. हिरव्या खोडाचं, नावापुरती पानं असलेलं झाड. त्याची बारीक पिवळी फुलं इतकी झडतात की सकाळी प्रत्येक गाडीचा टप पिवळा झालेला असतो. मी रोज वायपरने ती फुलं काचेवरून ढकलत ऑफिसला जात होते आणि एकदाही ती नीट बघितली नव्हती. ते चिमुकलं फूल मी लाकडी काडीने कापलं, तर आत लाल चवळीच्या पुरणाचा गडद गोळा. काका माझ्याकडे बघत होते, पण काही विचारत नव्हते. कसं आहे, आवडलं का, काहीच नाही. मी म्हणाले, "मला शिकवाल?" असं मी त्याआधी कोणाला काही मागितल्याचं आठवत नाही. काकूंनाच जास्त आश्चर्य वाटलं. "अगंबाई, ही बोलते!"

जपानमध्ये काका हिरोशिमाजवळच्या एका गावी काही वर्षं एकटे राहिले. काकूंची नागपूरला बँकेत नोकरी, अश्विनीताईची शाळा. काकांच्या खोलीखाली मिठाईचं जुनं दुकान होतं. भाषा येत नाही, संध्याकाळ सरत नाही, म्हणून ते रोज तिथे जाऊन एक मिठाई घेत आणि तिथल्याच बाकावर बसून खात. दुकानाची मालकीण वयस्क बाई. काही दिवसांनी तिने त्यांना आत बोलावलं आणि चाळण्या धुवायला दिल्या. "इंजिनियर माणूस, चाळण्या घासत होतो बाप्पा," असं ते मोठ्या अभिमानाने सांगत. मग तिने हातात लगद्याचा गोळा दिला. काका डावखुरे. बाईने त्यांना शेजारी न बसवता टेबलाच्या पलीकडे, स्वतःसमोर बसवलं. आरशात बघून करतोय असं समजायचं, एवढंच. तिचा उजवा हात तो यांचा डावा. मी उजव्या हाताची, त्यामुळे काकांनीही मला समोरच बसवलं. दोन आरशांतून फिरून ते काम पुन्हा उजव्या हाताशी आलं, म्हणायचे.

शिकणं म्हणजे बहुतेक वेळा गप्प बसणं होतं, आणि मला त्याचंच सुख होतं. हातात काम असलं की दोन माणसं तासभर बोलली नाहीत तरी कोणी विचारत नाही, का गप्प आहात म्हणून. पांढऱ्या लगद्यात तांदळाच्या चिकट पिठाची उकड मिसळून मळायची. मग तो गोळा मऊ मातीसारखा होतो, नेरिकिरी म्हणतात त्याला. तळहातावर पारी करायची, मोदकासारखीच, पण वर निमुळती न करता आतलं पुरण बंद करायचं आणि सांधा दिसू द्यायचा नाही. मग तीन धारांच्या लाकडी काठीने पाकळ्या ओढायच्या. काकांनी ती काठी मेस्कीटच्या, म्हणजे इथल्या एका काटेरी झाडाच्या, लाकडाची स्वतः तासली होती. एक धार टोकदार, एक बोथट, आणि एकीवर बारीक खाच, तिने दुहेरी रेघ येते. माझ्या पहिल्या कित्येक फुलांना काका "बटाटा" म्हणत. दिवस संपला की कंपनीतल्या क्लीन रूममधल्यासारखं विचारत, "आजचा यील्ड?" म्हणजे केलेल्यांतले किती पास झाले. "शून्य," मी म्हणायचे. "काहून शून्य? सगळे बटाटे एकसारखे आलेत. प्रोसेस स्टेबल आहे!" लगदा किती आटवायचा हे मात्र काकांनाही जपानहून आल्यावर इथल्या शेगडीवर जमत नव्हतं, ते काकूंनी सोडवलं. त्या जाता जाता पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "उलथणं उभं राहतंय का बघा ना. पुरणाला बघतो तसं." उलथणं उभं राहिलं. तेव्हापासून आमच्या जपानी मिठाईची परीक्षा काकूंच्या उलथण्यावर होती.

काकांचे दोन नियम होते. दुकानातल्या बाईचे म्हणून सांगत, पण नंतर ते त्यांचेच झाले होते. पहिला, मिठाई ऋतूच्या थोडी आधी यायला हवी. फूल फुलून गेल्यावर त्याची मिठाई केली तर ती नुसती आठवण झाली. माणसाने बशीत बघावं आणि मग दाराबाहेर पडल्यावर त्याला ते दिसायला लागावं. दुसरा, प्रत्येक मिठाईला नाव असतं आणि ते करणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. माझा सगळा अडथळा या दुसऱ्या नियमापाशी. आमची महाराष्ट्रातली बौद्ध मंडळी महिन्यातून एकदा भाड्याच्या हॉलमध्ये जमतात. वंदना होते, मुलांचा वर्ग होतो, मग जेवण. काका तिथे दर महिन्याला ताट नेत. मी नावं छोट्या कार्डांवर लिहून ताटात खोचून ठेवली, तर काकांनी सगळी कार्डं काढून खिशात घातली. "दुकान आहे का हे? सांग तोंडानं." मला जमायचं नाही. मी त्यांच्या कानात सांगायचे आणि ते मोठ्याने घोषणा करायचे. कधी रागावले नाहीत. फक्त म्हणायचे, "माझा आवाज भाड्यानं घेतेस, ठीक आहे. पण घर आपलं असावं माणसाचं."

तिथल्या मंडळींना या मिठाईचं प्रेम होतं असं म्हणता येणार नाही. "वेलची नाही घातली का हो?" हे दर वेळी कोणीतरी म्हणायचंच. "पेढ्यासारखं लागतं, पण मग पेढाच का नको?" काका शांतपणे सांगत, "पेढा खायचा असतो. हे आधी बघायचं, नाव ऐकायचं, मग खायचं." जयंतीच्या महिन्यात सगळ्यांची मागणी निळ्या रंगाची. "एप्रिलला पिवळं काय करता काका, निळं करा!" तर काकांनी गोकर्णाच्या फुलांचा रंग काढून निळंही केलं, पण शेजारी पिवळं ठेवलंच. त्यांचं म्हणणं, आपण ज्या जमिनीवर राहतो तिचं कॅलेंडर आपल्याला यायला पाहिजे. इथे आल्यावर पहिल्या वर्षी त्यांनी मार्चमध्ये चेरीचा बहर केला होता. एका लहान मुलीने विचारलं, "व्हेअर इज धिस ट्री?" तेव्हापासून त्यांनी जपानचे ऋतू बाजूला ठेवले आणि वाळवंटातला एकेक महिना शोधायला लागले. फेब्रुवारीला संत्र्याच्या मोहोराचा वास. मेमध्ये सग्वारो निवडुंगाचं पांढरं फूल. जुलैला धुळीचं वादळ, ते दालचिनीच्या पुडीत घोळवलेलं असायचं. ऑक्टोबर म्हणजे 'उघडी खिडकी', कारण इथे त्या महिन्यात पहिल्यांदा एसी बंद करून खिडकी उघडता येते. डिसेंबरला लोक निवडुंगाला दिव्यांच्या माळा गुंडाळतात, ते. सगळे महिने हळूहळू भरले. जून तेवढा राहिला.

जूनला काय करायचं? काही फुलत नाही, काही पडत नाही, पाऊस अजून यायचा असतो. दुपारी रस्त्यावर माणूस नसतो. गाडीचं स्टिअरिंग हाताला चटका देतं. जपानमध्ये उन्हाळ्यात चायनाग्रासच्या पारदर्शक वड्या करतात, आत लाल मासा पोहतोय अशा. काकांनी एकदा तशा केल्या आणि स्वतःच नापास केल्या. "हा तिथला जून आहे. तिथे ओढे आहेत. इथे कुठला मासा आणायचा?" दर वर्षी मे संपत आला की ते टेबलाशी बसून जूनचा विचार करत, आणि दर वर्षी जूनच्या वंदनेला आम्ही रिकाम्या हाताने जात होतो. "या महिन्याला काही नाव नाही," काका लोकांना सांगत, अगदी खेळीमेळीने, पण त्यांना ते लागत होतं. शेवटच्या दोन वर्षांत त्यांचा डावा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थोडा फरक पडला, पण पाकळीची रेघ सरळ येईना. मग ते काठी माझ्या हातात देऊन समोर बसत आणि रिकामा हात हवेत फिरवत. त्या हाताकडे बघत मी रेघ ओढायची. थरथर गाळून बाकीचं कसं घ्यायचं ते मला येत होतं. ते एकदा म्हणाले, "जून सापडला की मी निवृत्त." काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "किती वेळा निवृत्त होता हो तुम्ही!"

एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिची आठवण काढून काका शेवटपर्यंत हसत होते. गेल्या वर्षी बुद्धपौर्णिमेला काकांना ताप होता, म्हणून मी एकटीने ताट केलं. सग्वारोची पांढरी फुलं, मधोमध पिवळे कण. माझं पहिलं स्वतंत्र ताट. हॉलवर पोचले, ताट टेबलावर ठेवलं, आणि नाव सांगायची वेळ येईल या भीतीने बाहेर गाडीतून पाण्याचे बॉक्स आणायला निघून गेले. परत येऊन बघते तर ताट रिकामं. मला वाटलं, संपली! एवढ्यात संपली! वंदना झाली, जेवण झालं, आवराआवर झाली. मग लतामावशी, ज्या सगळी सजावट बघतात, मला म्हणाल्या, "काय सुंदर फुलं आणलीस गं. मी सगळी मूर्तीपुढे मांडली. कुठे मिळाली?" मी विचारलं, "आता कुठे आहेत?" "आता? निर्माल्याबरोबर गेली ना कचऱ्याच्या हिरव्या डब्यात." तेवढ्यात एक छोटी मुलगी तोंडाला पांढरं लावून आईकडे धावत गेली. "मॉम, आय एट द फ्लॉवर! इट्स सो गुड!" आईने किंचाळून तिच्या तोंडात बोट घातलं. मग कुठे सगळा उलगडा झाला. लतामावशी कपाळाला हात लावून बसल्या, कोणीतरी डब्यात डोकावून आलं, आणि मला रडू येतंय की हसू हे ठरेना. काकांना फोन केला. ते तापात इतके हसले की काकूंनी फोन काढून घेतला. मागून त्यांचा आवाज येत होता, "शंभर टक्के यील्ड! सुनंदा, शंभर टक्के! अन् हिनं नाव सांगितलं असतं तर खाल्ली असती लोकांनी!"

आमची शेवटची भेट मेच्या शेवटच्या शनिवारची. दुपारी जेवण करून मी त्यांच्या गल्लीत शिरले आणि शेजारच्या मेस्कीटखाली सावलीत गाडी लावली. काका दारात उभेच होते. हाताने खुणा करायला लागले, पुढे, अजून पुढे. मी काच खाली केली. "तिथे ऊन आहे काका!" "लाव तिथेच." हे त्यांचं नेहमीचं. दुकान असो, हॉल असो, दवाखाना असो, दारासमोरची जागा सोडून ते पार लांब कुंपणाशी जात, आणि तिथेही झाडाच्या सावलीत नाही तर तिच्या पलीकडे, भर उन्हात गाडी लावत. काकू आणि अश्विनीताई या पायपिटीवरून त्यांना आयुष्यभर बोलत आल्या. मी मुकाट्याने त्यांच्यामागून चालायचे. त्या दिवशी आम्ही पुन्हा जूनला बसलो. मी सूर्याचा एक गोल करून आणला होता, केशरी. काकांनी तो निरखून बघितला. "अंड्याचा बलक." खरंच तसाच दिसत होता. मग ते म्हणाले, "तू सांग बरं, तुझ्यासाठी जून म्हणजे काय?" मी म्हणाले, "एसी." ते हसले, पण उत्तराची वाट बघत राहिले. निघताना ते चालत गाडीपर्यंत आले, हळू हळू, काकूंची छत्री उघडून. सावली सरकून नेमकी माझ्या गाडीवर आली होती. "सावली आहे तिथे नाही लावायची," ते म्हणाले. "येणार आहे तिथे लावायची. आपल्याला परत जायचं असतं ना…" मी मान हलवली, एसी लावला आणि निघाले. आरशात ते छत्री घेऊन उभे दिसत होते, बराच वेळ.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे काकांच्या श्रद्धांजलीचा, कार्यक्रम पुढच्या शनिवारी दुपारी त्याच हॉलमध्ये ठरला. मधल्या आठवड्यात मी रोज ऑफिसनंतर काकूंकडे जात होते. एका संध्याकाळी काकू त्यांच्या मिठाईच्या टेबलाशी बसल्या होत्या, हातात ती मेस्कीटची काठी. "सगळ्यांसाठी जेवण सांगितलंय," त्या म्हणाल्या. "पण स्नेहल, त्यांचा जून तसाच राहिला गं. सारखं तेच डोक्यात येतं. बाकी काही राहिलं नाही त्यांचं. मुलगी मार्गी लागली, घर झालं, गावची विहाराची खोली झाली. जून राहिला." काकूंनी काठी माझ्यासमोर ठेवली. "तू करशील का?" मला काय करायचं ते माहीत नव्हतं, तरी हो म्हणाले. त्या रात्री फ्रीझरमधला डबा खाली काढून ठेवला. पुढचे दोन दिवस मी जे काही केलं ते सगळं बलकाच्या जातीचं निघालं. ऊन म्हणून पिवळं, ऊन म्हणून केशरी, ऊन म्हणून नुसतं पांढरं. टेबलाच्या पलीकडे हवेत फिरणारा हात नव्हता, आणि त्याच्याविना माझा हात कुठे जायचं ते विसरल्यासारखा थांबत होता.

गुरुवारी काकूंना घेऊन सामान आणायला गेले. कागदी बशा, मेणबत्त्या, पांढरी फुलं. दुकानाच्या आवारात शिरले आणि काही विचार न करता गाडी वळवत वळवत शेवटच्या रांगेत, कुंपणाशी नेली. काकू म्हणाल्या, "अगं, दारासमोर एवढी जागा रिकामी आहे! तू पण त्यांच्यासारखीच झालीस की." मी इंजिन बंद केलं आणि समोर बघितलं. दारासमोरच्या रांगा खरंच रिकाम्या होत्या. डांबर नुसतं चकाकत होतं. आणि सगळ्या गाड्या, झाडून सगळ्या, लांब कडेला, एकेका किरकोळ पालो वेर्देच्या खाली दाटीवाटीने उभ्या होत्या. काहींचं तर नुसतं नाक सावलीत. कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. त्या झाडाची सावली दाट नसतेच, बारीक बारीक रेघांची असते, पांढऱ्या टपांवर करड्या पेन्सिलने काढल्यासारखी… काकू दार उघडून उतरल्या होत्या. "येतेस ना?" मी म्हणाले, "काकू, काळे तीळ घ्यायचेत."

फ्रीझरमधल्या त्या लगद्यात चायनाग्रास घालून पांढरा थर ओतला. काळे तीळ वाटून अगदी पातळ करडा रंग केला आणि काकांच्या काठीच्या खाचेच्या धारेने त्यावर रेघा ओढल्या, तिरप्या, एकमेकींवरून जाणाऱ्या. वरून पारदर्शक थर, गाडीच्या काचेसारखा. गार झाल्यावर लांबट तुकडे कापले. काकूंनी एक उचलून खिडकीच्या उजेडात धरला, खूप वेळ. मग म्हणाल्या, "उलथण्याची परीक्षा नको याला. पास आहे."

शनिवारी हॉल भरला होता. पांढरे कपडे, टेबलावर काकांचा फोटो, फुलं. यावेळी लतामावशींनी मला आधीच विचारून घेतलं, "यातलं फूल कुठलं आणि खायचं कुठलं ते सांग बाई." त्रिसरण पंचशील झालं, लोक काकांबद्दल बोलले. मग अश्विनीताईने ताट पुढे आणलं आणि माझ्याकडे बघितलं. भाड्याने घ्यायला आवाज नव्हता. मी उभी राहिले. एक चांगलं नाव ठरवून आले होते, 'विरळ सावली' असं काहीतरी, आदल्या दिवशी बरं वाटलं होतं. तोंड उघडलं तर निघालं ते वेगळंच. "ही काकांच्या जूनची मिठाई आहे," मी म्हणाले. "हिचं नाव… 'लांबचं पार्किंग'." मग अश्विनीताई फुटलीच, हसू आणि रडू एकदम. "बाबा! लग्नाच्या दिवशी मला पैठणीत अर्धं ग्राउंड चालवलं होतं यांनी!" मागून कोणीतरी म्हणालं, "मला इमर्जन्सीत नेलं होतं, तेव्हा पण कुंपणाशी लावली गाडी. म्हटलं, काका, छातीत दुखतंय!" आणि मग ज्याला त्याला आपापली पायपीट आठवली. लोक वडी उजेडात धरून रेघा बघत होते, एकमेकांना दाखवत होते, आणि मग खात होते. वेलचीचं कोणीच काही बोललं नाही.

आता जुलै सरत आलाय. दर शनिवारी मी काकूंकडे जाते. दालचिनीतलं धुळीचं वादळ आम्ही दोघींनी मिळून केलं. काकू उजव्या हाताच्या, म्हणून मी त्यांना शेजारी बसवायला गेले, तर त्या नको म्हणाल्या आणि काकांच्या खुर्चीवर, समोर जाऊन बसल्या. त्यांच्या रेघा उलट्या दिशेला जातात. वादळ कुठल्याही दिशेने येतं, म्हणतात. यील्ड बरा आहे.

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. कार्यक्रम आटोपून आम्ही हॉलच्या बाहेर आलो तेव्हा दुपार उतरायला लागली होती, पण उकाडा तसाच. काकूंच्या हातात काकांचा फोटो, माझ्या हातात रिकामं ताट. दुपारी येताना मी गाडी आवाराच्या पार टोकाला, झाडाच्या पलीकडे भर उन्हात लावली होती, आणि काकू सबंध वाटभर पुटपुटत आल्या होत्या. आताही आम्ही तेवढंच अंतर चालत गेलो, हळू हळू. काकूंनी गाडीच्या दाराच्या कडीला हात लावायला पदर पुढे केला, चटका बसेल म्हणून. मग पदर सोडून नुसताच हात लावला. आणि तो तसाच ठेवला.

"गार आहे गं," त्या म्हणाल्या.